टेलिफोनच्या तारेवाचून इंटरनेट : गच्चीवरून आलेल्या एका वायरीचा इतिहास

भारतातील इंटरनेटचा इतिहास बहुधा दोन तारखांत आटोपला जातो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने, म्हणजे व्हीएसएनएलने, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले. या दोन तारखांमध्ये एकवीस वर्षे आहेत. त्या काळात ज्यांच्या घरी टेलिफोनच नव्हता त्यांच्यापर्यंत इंटरनेट पोहोचले कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा धागा त्या प्रश्नाचा आहे, आणि त्याचे उत्तर मुख्यतः मुंबईच्या गच्च्यांवर सापडते.

सुरुवात मात्र एका जुन्या कायद्यापासून करावी लागते.

मुंबईत टेलिफोन आला तो जानेवारी १८८२ मध्ये, एका खासगी कंपनीच्या हातून. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ साली, भारतीय तार अधिनियम संमत झाला. त्यातील चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा, ती राखण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतरांना हवा असेल तर परवाना घ्यावा. मराठीत ‘तार’ म्हणजे धातूची तारही आणि तिच्यातून येणारा संदेशही. कायद्याची व्याख्याही अशीच ऐसपैस होती : खुणा, लिखाण, चित्र, ध्वनी, काहीही वाहून नेणारे साधन तिच्यात बसत असे. १९४३ मध्ये मुंबईची टेलिफोन कंपनीही सरकारने ताब्यात घेतली आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येक बोलक्या तारेचा मालक एकच उरला.

या एकाधिकाराचे फळ म्हणजे प्रतीक्षायादी. १९९४च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाच्या मसुद्यातच सरकारने कबुली दिली आहे : देशात सुमारे ८० लाख टेलिफोन जोडण्या, शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन, आणि रांगेत उभी असलेली सुमारे २५ लाख नावे. त्याच मसुद्यात चीनचा आकडा १.७ आणि पाकिस्तानचा २ दिला आहे. १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन देऊ, असे वचन त्या धोरणाने दिले. ते पाळले गेले नाही. १९९९च्या नव्या धोरणात तेच वचन २००२ सालापर्यंत पुढे ढकलण्यात आले.

या रांगेची एक संस्कृती तयार झाली होती. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ लिहिले जाई. ज्यांच्या घरी फोन होता ते खिडकीतून हाक मारून निरोप पोहोचवत. लाइनमनला दिवाळीची पोस्त चुकत नसे, कारण पावसाळ्यात बंद पडलेला फोन त्याच्याच मर्जीने जिवंत होई. वडिलांनी नोंदवलेला फोन मुलाच्या लग्नानंतर लागला, अशा कहाण्या बहुतेक प्रत्येक कुटुंबात आहेत.

अशा देशात इंटरनेट आले ते टेलिफोनच्या खांद्यावर बसून.

याला तांत्रिक कारण होते. डायलअप मोडेम संगणकाच्या भाषेचे रूपांतर आवाजात करत असे, कारण टेलिफोनची यंत्रणा मानवी आवाज वाहून नेण्यासाठीच बांधलेली होती. १९९५ साली वेग मिळे तो सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे सारे सुरळीत चालले तर एक मेगाबाइटची फाइल उतरवायला सुमारे चौदा मिनिटे. चित्रांसह इंटरनेट दाखवणाऱ्या खात्याचे वैयक्तिक शुल्क २५० तासांसाठी १५,००० रुपये होते. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त शेल खाते होते, पण त्यात पडद्यावर नुसती अक्षरे दिसत. शिवाय इंटरनेटला लागलेला प्रत्येक फोन हा टेलिफोनच्या बिलात वेगळा मोजला जाई आणि तेवढा वेळ घरचा फोन बाहेरच्यांना ‘एंगेज’ लागे. ज्या गावात इंटरनेटचे केंद्र नव्हते तेथून जवळच्या शहराला फोन लावायचा तर एसटीडीचा दर पडे.

पहिल्या काही आठवड्यांत तर पैसे भरलेल्यांनाही जोडणी मिळेना. व्हीएसएनएलचे तत्कालीन अध्यक्ष बृजेंद्र सिंगल यांनी नियोजन चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले. सरकारी कंपनीच्या प्रमुखाने असे करणे तेव्हाही दुर्मीळ होते. परंतु ती दिलगिरी ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्यापुरती होती. उरलेल्या नव्याण्णव जणांचा प्रश्न त्या पत्रकार परिषदेत नव्हताच.

टेलिफोनवाचून इंटरनेट अशक्य होते असे नव्हे. १९८६ पासून ‘अर्नेट’ या प्रकल्पाखाली काही शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था परस्परांशी जोडल्या जात होत्या, आणि त्यांत जुहूच्या एनसीएसटीचा वाटा मोठा होता. पण भाड्याच्या स्वतंत्र वाहिन्या संस्थेला परवडत, कुटुंबाला नव्हे. सायबर कॅफे नंतर आले आणि त्यांनी पुष्कळांना पहिला ईमेल उघडून दिला. तरी तासाच्या भाड्याने बाकावर बसून वापरलेले इंटरनेट हे घरचे इंटरनेट नव्हते. घरात येणारी दुसरी तार हवी होती.

ती तार तोपर्यंत आलेली होती, पण तिच्याकडे कोणी तार म्हणून पाहत नव्हते.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या काही इमारतींत एका व्हीसीआरवरून अनेक घरांत चित्रपट दाखवले जात. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले, सीएनएनवर ते थेट दिसू लागले, त्याच वर्षी स्टार टीव्ही आले, पुढच्या वर्षी झी आले. गच्चीवर डिश बसवून शेजारच्या चार इमारतींत समाक्षीय, म्हणजे कोअ‍ॅक्शियल, केबल सोडणारा माणूस आता प्रत्येक गल्लीत उभा राहिला. तो बहुधा त्याच गल्लीतला असे : कोणाचे इलेक्ट्रिकचे दुकान, कोणाचा व्हिडिओ कॅसेटचा धंदा, कोणी गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता. रस्ता खणायचा तर परवानगी लागते, म्हणून वायर गच्चीवरून गच्चीवर गेली. मध्ये रस्ता आला तर झाडाचा नाहीतर खांबाचा आधार घेत गेली. सार्वजनिक जागेतून मार्ग मिळवण्याचा जो हक्क १८८५च्या कायद्याने टेलिफोन खात्याला दिला होता, तो या माणसाला नव्हता. त्याच्याकडे ओळखी होत्या.

सरकारने त्याची दखल घेतली ती १९९४च्या अध्यादेशाने आणि पुढे १९९५च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्याने. या कायद्याखाली केबलवाल्याने नाव नोंदवायचे ते मुख्य टपाल कचेरीत. देशातील सर्वांत मोठे खासगी तारांचे जाळे पोस्टमास्तरच्या एका नोंदवहीत जमा होत होते आणि दूरसंचार खात्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. ही वायर मनोरंजनाची. ती एका दिशेने वाहते, घराकडे. घरातून बाहेर तिच्यातून काहीच जात नाही, ही खात्याची समजूत होती, आणि तेव्हा ती खरीही होती.

नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेट सेवा देण्याची मुभा खासगी कंपन्यांना मिळाली. परवाना आश्चर्यकारकरीत्या स्वस्त होता : पहिली पाच वर्षे शुल्क नाही, नंतर वर्षाला एक रुपया. कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. पण ग्राहकाच्या उंबरठ्यापर्यंतची शेवटची तार कोणाची? मुंबईत ती महानगर टेलिफोन निगमची, एमटीएनएलची, आणि इतरत्र दूरसंचार खात्याची. कंपनी खासगी असली तरी ग्राहकाने १७२ने सुरू होणारा क्रमांक फिरवायचा तो सरकारी फोनवरूनच. फोनसाठी रांगेत उभा असलेला माणूस या स्पर्धेचा लाभार्थी होऊच शकत नव्हता.

१९९९च्या दूरसंचार धोरणातील एक परिच्छेद या संदर्भात मुळातून वाचण्यासारखा आहे. केबलवाल्यांनी एकतर्फी मनोरंजन खुशाल द्यावे, पण त्याच वायरीतून दुतर्फी संवाद सुरू केला तर ती टेलिफोनसारखीच सेवा ठरेल आणि तिला तसाच परवाना लागेल, असे तो परिच्छेद सांगतो. म्हणजे धोका काय आहे हे सरकारला नेमके कळले होते. पुढे मात्र इंटरनेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटींतच वाट निघाली : नोंदणीकृत केबलवाल्याच्या जाळ्यातून, केबल कायद्याच्या अधीन राहून, ग्राहकाला इंटरनेट देता येईल, त्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज नाही. टेलिफोनची रांग ओलांडून जाणारा दरवाजा या वाक्याने उघडला.

दरवाजा उघडला तरी वायर तयार नव्हती. केबल टीव्हीच्या मार्गावर ठिकठिकाणी बसवलेले अ‍ॅम्प्लिफायर एकाच दिशेने काम करत. घरातून बाहेर जाणारा संकेत त्यांच्यापाशी येऊन थांबे. हॅथवेसारख्या मोठ्या केबल कंपन्यांनी सरळ मार्ग धरला : जाळे दुतर्फी करायचे आणि घरात केबल मोडेम बसवायचा. हे काम खर्चाचे होते आणि मोडेमही महाग होता, त्यामुळे ते आधी तेथेच झाले जेथे वसूल होण्याची खात्री होती.

गल्लीतल्या केबलवाल्याने दुसरा मार्ग काढला, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत मनोरंजक भाग तोच आहे. त्याने टीव्हीची वायर सोडूनच दिली. कार्यालयात संगणक एकमेकांना जोडण्यासाठी वापरतात ती कॅट-फाइव्ह नावाची स्वस्त वायर त्याने टीव्हीच्या वायरीशेजारून नेली. कार्यालयातील एका मजल्यासाठी कल्पिलेले लॅन त्याने अख्ख्या वाडीवर अंथरले. घरात मोडेम नको. संगणकात काही शे रुपयांचे नेटवर्क कार्ड असले की झाले. वायर नवी होती, पण तिची वाट, तिचे खिळे, गच्चीची किल्ली ठेवणाऱ्या सेक्रेटरीशी असलेली ओळख आणि महिन्याला पावतीपुस्तक घेऊन दारात येणारा मुलगा, हे सारे टीव्हीच्या धंद्यातून आयते मिळालेले होते. टेलिफोन खात्याकडे उत्तम तंत्रज्ञ होते. गच्चीची किल्ली मात्र केबलवाल्याकडे होती.

कॅट-फाइव्ह वायरीची मर्यादा शंभर मीटर. त्यापुढे संकेत क्षीण होतो, म्हणून प्रत्येक शंभर मीटरच्या आत एक स्विच हवा. हा स्विच पत्र्याच्या पेटीत घालून जिन्याखाली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, नाहीतर कोणाच्या तरी गॅलरीत बसवला जाई. त्याला वीज लागे; ती अनेकदा एखाद्या रहिवाशाच्या मीटरवरून घेतली जाई आणि बदल्यात त्या घराला इंटरनेट फुकट मिळे. या शंभर मीटरच्या नियमानेच इंटरनेटचा नकाशा काढला. गिरगाव, लालबाग, परळ यांसारख्या दाट वस्तीत, जेथे एका चाळीची गॅलरी दुसऱ्या चाळीला जवळजवळ शिवते, तेथे एका स्विचमागे डझनभर घरे मिळत. ऐसपैस बंगल्यांच्या वसाहतीत मधल्या बागाच परवडत नसत. टेलिफोनच्या रांगेत मागे असलेली दाटीवाटीची वस्ती या तंत्राच्या हिशेबात पुढे होती. शहराच्या इतिहासात असे उलटे पारडे क्वचितच दिसते.

या जाळ्याचे स्वतःचे सामाजिक जीवनही होते. एकाच लॅनवर असलेले शेजारी एकमेकांच्या संगणकांना दिसत. विंडोजमधील ‘नेटवर्क नेबरहुड’ हा शब्द येथे अक्षरशः खरा ठरला होता : शेजारपाजारची नावे त्या खिडकीत उघडत आणि कोणी आपले फोल्डर खुले ठेवले असेल तर त्यातील गाणी आणि चित्रपट बाहेरच्या संथ वेगाच्या कितीतरी पट वेगाने उतरत. गल्लीतल्या गल्लीत खेळ रंगत. खासगीपणाच्या दृष्टीने हा प्रकार भयंकर होता, आणि बहुतेकांना त्याची कल्पनाच नव्हती. वापरणाऱ्यांवर आणि त्यांच्या हिशेबावर लक्ष ठेवण्यासाठी अहमदाबादच्या एलिटकोअर कंपनीची ‘ट्वेंटीफोर ऑनलाइन’ ही प्रणाली पुष्कळ केबलवाले वापरत. तिचे लॉगइनचे पान त्या पिढीतील अनेकांना आजही आठवेल.

जून आला की कसोटी लागे. उघड्यावर धावणाऱ्या तांब्याच्या वायरीजवळ वीज कडाडली की स्विचमधील दारे जळत आणि त्यांच्यासह खालच्या घरातील नेटवर्क कार्डही. एका मुख्य जोडणीवर शेकडो घरे बसवलेली असत, त्यामुळे रात्री नऊनंतर वेग रांगू लागे. अधूनमधून महापालिका लोंबकळणाऱ्या वायरी कापून नेई आणि एक-दोन दिवसांत त्या पुन्हा चढत.

केबलवाल्याला गल्लीचा नायक ठरवण्याचा मोह मात्र टाळायला हवा. सरकारी एकाधिकार मोडला त्या जागी गल्लीचा एकाधिकार आला. एका वस्तीत एकच केबलवाला, त्याच्या हद्दीत दुसऱ्याने वायर टाकायची नाही, हा अलिखित नियम टीव्हीच्या काळापासून चालत आला होता आणि तो नेहमीच गोडीगुलाबीने पाळला गेला असे नाही. सेवा वाईट असेल तर ग्राहकाला जायला दुसरी जागा नसे. टेलिफोन खात्याविरुद्ध निदान लेखी तक्रार करता येई. येथे तक्रार करायची ती नाक्यावर, आणि तीही ओळख राखून.

असा प्रकार केवळ भारतात घडला असेही नाही. रोमानियात याच काळात साम्यवादी राजवटीत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या एका गच्चीवरून दुसरीवर तरुणांनी अशाच वायरी टाकून वस्तीची जाळी उभारली. पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली, आणि त्या देशातील इंटरनेटच्या गाजलेल्या वेगामागे या वायरींचा वाटा मानला जातो. तेथे त्या जाळ्यांविषयी आज अभिमानाने लिहिले जाते. मुंबईच्या वाट्याला वायरींच्या जंजाळाचे छायाचित्र तेवढे आले.

ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान पातळी ठरवली. त्याच्या काही महिने आधी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ट्रायने, एक महत्त्वाची शिफारस केली होती : बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी घरोघर पोहोचलेली आपली तांब्याची तार इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्यावी. सरकारने ही सक्ती नाकारली. जानेवारी २००५ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांनी आपल्याच तारेवर डीएसएल ब्रॉडबँड सुरू केले. डीएसएलमध्ये आवाज तारेच्या खालच्या कंप्रतांत राहतो आणि इंटरनेट वरच्या, त्यामुळे फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात. ही सोय उत्तम होती, दरही वाजवी होते, पण अट जुनीच : आधी टेलिफोन घ्या. तोवर हातोहाती मोबाइल आला होता, टेलिफोनची रांग ओसरली होती, आणि काही घरांत आता केवळ इंटरनेट हवे म्हणून लँडलाइन घेतली जात होती. ज्या तारेसाठी आधीच्या पिढीने वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिचे भाडे नव्या पिढीला अकारण वाटू लागले. देशातील लँडलाइनची संख्या या दशकाच्या मध्यास चार कोटींच्या आसपास पोहोचली आणि नंतर घसरत गेली.

हवेतून इंटरनेट आणण्याचे प्रयत्नही चालू होते. आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉर-डेक्ट’ ही बिनतारी प्रणाली घडवली. तिच्यात घराच्या छपरावरील छोट्या अँटेनातून फोन आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी मिळत. ज्या खेड्यांत तांब्याची तार नेणे परवडत नव्हते त्यांच्यासाठी ही कल्पना फार मोलाची होती. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची सीडीएमए सेवा आली आणि फोन संगणकाला वायरीने जोडून इंटरनेट मिळू लागले. मग डेटा कार्डे आली. खिडकीशी लॅपटॉप धरून सिग्नल शोधणारे विद्यार्थी वसतिगृहांत दिसू लागले. पण या साऱ्यात मोजून मिळणारा डेटा आणि बेभरवशाचा वेग होता. २०१०च्या अखेरीस देशात दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट होते; प्रत्यक्षात त्या सुमारे १ कोटी १० लाख भरल्या.

जून २०१० मध्ये बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव झाला. सर्व २२ परिमंडळांत यशस्वी ठरलेली एकमेव कंपनी, इन्फोटेल, रिलायन्सने निकालाच्याच दिवशी आपल्याकडे घेतली. सहा वर्षांनी त्यातून जे उभे राहिले ते सर्वांना ठाऊक आहे.

गल्लीतल्या वायरीचे पुढे काय झाले, हे कमी जणांना ठाऊक असते. केबलवाल्यांनी तांब्याच्या जागी काचेचा तंतू ओढला; त्यात वीज वाहत नाही, त्यामुळे आषाढातील विजेची भीती गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत निर्णायक हिस्सा घेत असल्याची घोषणा केली. त्या व्यवहारात मोल होते ते हजारो स्थानिक केबलवाल्यांच्या जाळ्याला आणि त्यांच्या दारोदारच्या ओळखींना. १९९४ साली पोस्टमास्तरच्या वहीत नोंदवली जाऊ लागलेली गच्चीवरची वाट देशातील सर्वांत मोठ्या कंपनीलाही चुकवता आली नाही.

५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओ फायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली आणि तिच्या भाड्यात लँडलाइन फोन समाविष्ट होता. १८८५च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३च्या डिसेंबरात संमत झाला आणि जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. आज फायबरच्या वायरीच्या टोकाला घरात जी पेटी लागते, तिच्या मागे टेलिफोन जोडण्यासाठी एक खाच असते. एकेकाळी पंचवीस लाख माणसे जिच्यासाठी रांगेत होती ती जोडणी इंटरनेटवर फुकट मिळते, आणि अनेक घरांत त्या खाचेवर धूळ बसलेली असते.